आरोग्य प्रश्नोत्तरे : शरदातील शिंका आणि हवेतील बुरशी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरणारी आहेत. उन्हाळा सरला, झाडांची पाने पिवळी पडून गळू लागली, की शिंकांची सरबत्ती सुरू होते, नाक वाहते, डोळे खाजतात आणि काहींना धापही लागते. फुलोऱ्याचा हंगाम तर केव्हाच संपलेला असतो, मग हे कशाने होते, असा या वाचकांचा प्रश्न आहे. म्हणून हे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांचे व्यक्तिगत तपशील वगळून प्रश्न संक्षेपाने छापले आहेत.

प्रश्न : दर शरद ऋतूत मला दोन-अडीच महिने सर्दी असते. परागकणांच्या ॲलर्जीची तपासणी केली, पण तीत काहीही निघाले नाही, आणि "हवा बदलली की असे व्हायचेच" असे सांगून माझी बोळवण झाली. कुजणाऱ्या पानांवरील बुरशीमुळे असा त्रास होतो, असे अलीकडे ऐकले. यात कितपत तथ्य आहे?

यात पुरेपूर तथ्य आहे. आपली तक्रार उडवून लावण्याजोगी नव्हती, हे मी आधीच स्पष्ट करतो. बुरशी आपला प्रसार बीजाणूंच्या द्वारे करते. हे बीजाणू इतके सूक्ष्म असतात, की ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींच्या बीजाणूंचा व्यास जेमतेम २ ते ५ मायक्रोमीटर भरतो, तर गवताचा परागकण साधारण ३० ते ४० मायक्रोमीटरांचा असतो. मोकळ्या हवेत बीजाणू वर्षाचा बराच काळ असतातच, आणि त्यांची संख्या परागकणांच्या संख्येपेक्षा अनेकदा शेकडो पटींनी अधिक असते. तरीही ॲलर्जी म्हटले की आपल्याला फुले आणि पराग आठवतात, बुरशी आठवत नाही. कारण बुरशीचा हंगाम डोळ्यांना दिसत नाही.

शरद ऋतूच्या सुरुवातीला बुरशीला हवे ते सारे एकाच वेळी मिळते. पाने, गवत आणि पिकांचे अवशेष मरू लागलेले असतात, म्हणजे खाद्य मुबलक असते. रात्री लांबून दव पडू लागते, म्हणजे ओलावा मिळतो. आणि दिवसा अजून पुरेशी ऊब असते. मरणाऱ्या पानांवर प्रथम वाढणाऱ्या बुरशींमध्ये क्लॅडोस्पोरियम, आल्टर्नेरिया आणि एपिकोकम या प्रमुख आहेत. यांपैकी क्लॅडोस्पोरियमचे बीजाणू जगभरातील बहुतेक ठिकाणच्या हवेत सर्वाधिक संख्येने सापडतात, मात्र ॲलर्जी निर्माण करण्याच्या बाबतीत आल्टर्नेरिया अधिक प्रबळ मानली जाते. समशीतोष्ण प्रदेशांत या दोन्हींचे प्रमाण उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वाढू लागते आणि शरदात बराच काळ चढे राहते. ॲलर्जीशी संबंध जोडला गेलेल्या बुरशींच्या प्रजाती ८० हून अधिक आहेत. तेव्हा वर घेतलेली नावे केवळ ठळक आहेत, यादी संपूर्ण नाही.

हा संशय आजचा नाही. गवताच्या परागामुळे होणाऱ्या सर्दीचे कारण प्रयोगाने सिद्ध करणारे इंग्लंडमधील डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बुरशीच्या बीजाणूंचीही नोंद केली आहे. त्यांनी स्वतः पेनिसिलियमचे बीजाणू हुंगून पाहिले आणि त्यामुळे त्यांचा आवाज बसला. पुढे १९२४ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात कॅडहॅम यांनी गव्हावरील तांबेरा या बुरशीमुळे शेतकऱ्यांना दम्याचे झटके येतात, हे दाखवून दिले. म्हणजे या माहितीला शंभर वर्षे उलटून गेली आहेत, आणि तरीही आपल्यासारख्या रुग्णाची तपासणी परागकणांपाशीच थांबते, याची मला खंत वाटते.

त्रास कसा होतो, हे थोडक्यात असे. काही व्यक्तींचे शरीर बीजाणूंतील प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाकाच्या, डोळ्यांच्या व श्वासनलिकांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आले, की या पेशी हिस्टामाइन आणि इतर द्रव्ये सोडतात, आणि मग शिंका, खाज, पाणी, सूज हे सारे काही मिनिटांत सुरू होते. आल्टर्नेरियातील ज्या प्रथिनाला बहुसंख्य रुग्ण प्रतिसाद देतात, ते "आल्ट ए १" या नावाने ओळखले जाते. बीजाणू ओलसर पृष्ठभागावर रुजू लागला, की त्यातून ॲलर्जी निर्माण करणारी द्रव्ये अधिक प्रमाणात बाहेर पडतात, असेही प्रयोगांत दिसले आहे, आणि नाकाचे अस्तर ओलसरच असते.

एवढे सांगितल्यावर एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. शरदातील प्रत्येक सर्दीचे खापर बुरशीवर फोडता येत नाही. जेथे रॅगवीड हे तण वाढते, तेथे त्याचे परागकण उन्हाळ्याच्या अखेरीपासून पहिल्या गोठवणाऱ्या थंडीपर्यंत हवेत असतात, आणि आपल्या तपासणीत त्याचा समावेश होता की नाही, हे अहवाल उघडून पाहणे आवश्यक आहे. घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म माइट दमट उन्हाळ्यात वाढतात आणि त्यांची ॲलर्जी नेमकी याच सुमारास बळावते. शिवाय साध्या सर्दीचे विषाणूही याच दिवसांत पसरतात. विषाणूजन्य सर्दी सहसा आठ-दहा दिवसांत ओसरते, तीत घसा दुखतो, अंग मोडून येते, कधी ताप येतो. ॲलर्जीत ताप नसतो, खाज ठळक असते आणि त्रास आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. आपले अडीच महिने दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतात. गोठवणारी थंडी पडून रॅगवीड मरते, तेव्हा परागाचे रुग्ण आठवड्याभरात सुटतात. बुरशीचे रुग्ण मात्र सुटत नाहीत, कारण अशा थंडीने मेलेली पाने बुरशीचे नवे खाद्य होतात आणि जमीन बर्फाने झाकली जाईपर्यंत बीजाणू उडत राहू शकतात. आपला त्रास थंडीनंतरही चालू राहतो का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही; ते आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावे.

प्रश्न : माझा अनुभव विचित्र आहे. पाऊस पडून गेल्यावर हवा स्वच्छ होते आणि ॲलर्जीच्या रुग्णांना बरे वाटते, असे सगळे सांगतात. मला मात्र पावसानंतरच्या पहाटे सर्वाधिक त्रास होतो. माझ्या भावाला याच्या उलट, कोरड्या वाऱ्याच्या दुपारी होतो. एकाच घरातील दोघांना एकच ॲलर्जी असू शकते का?

आपला अनुभव विचित्र मुळीच नाही. निदानाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. बीजाणू हवेत सोडण्याच्या बुरशींच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि त्यानुसार त्यांच्या वेळाही वेगळ्या आहेत.

क्लॅडोस्पोरियम, आल्टर्नेरिया आणि एपिकोकम यांचे बीजाणू कोरड्या हवेत सुटतात. सकाळचे दव वाळले, आर्द्रता घटली आणि वारा सुटला, की ते पानांवरून उचलले जातात, आणि त्यांची संख्या दुपारी किंवा दुपार कलताना सर्वांत जास्त असते. आपल्या भावाचे वेळापत्रक याच्याशी जुळते. दुसऱ्या गटातील बुरशींना बीजाणू फेकण्यासाठी पाणीच लागते. काहींचे बीजाणू सूक्ष्म पिशव्यांत असतात. पाऊस पडला, की या पिशव्या पाणी शोषून फुगतात आणि दाबाने फुटून बीजाणू बाहेर उडवतात. भूछत्रांच्या वर्गातील बुरशींची रीत तर विलक्षण सुंदर आहे. बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक अतिसूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूच्या अंगावरील पाण्याच्या पापुद्र्यात क्षणार्धात मिसळतो, आणि पृष्ठताणातून सुटलेल्या ऊर्जेने बीजाणू आपल्या देठावरून उडी घेतो. या थेंबाचा बारकाईने अभ्यास करणारे कॅनडातील शास्त्रज्ञ रेजिनाल्ड बुलर यांचे नाव त्याला मिळाले आहे. ही यंत्रणा हवा दमट असतानाच चालते, म्हणून हे बीजाणू मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत सर्वाधिक असतात. त्यांची संख्याही थक्क करणारी असते: झाडाच्या खोडावर फळीसारखी वाढणारी गॅनोडर्मा ही बुरशी एका दिवसात सुमारे ३० अब्ज बीजाणू सोडते, असा हिशेब बुलर यांनीच मांडला होता.

या वेळा आज आपल्याला ठाऊक आहेत, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातील हर्स्ट यांना जाते. त्यांनी १९५२ मध्ये बीजाणू पकडणारे एक स्वयंचलित यंत्र जाहीर केले. हे यंत्र मिनिटाला १० लिटर हवा आत खेचते आणि ताशी २ मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर हवेतील कण टिपते. त्यामुळे कोणत्या तासाला काय उडत होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. त्यापूर्वी नमुने बहुधा दिवसा घेतले जात आणि रात्रीची हवा बीजाणूंनी इतकी भरलेली असते, याची कोणाला पुरेशी कल्पनाच नव्हती. जगभर परागकण व बीजाणू मोजण्यासाठी आजही याच तत्त्वावरची यंत्रे वापरली जातात.

तेव्हा आपण आणि आपले भाऊ दोघेही बुरशीला संवेदनशील असाल, पण वेगवेगळ्या बुरशींना, ही शक्यता खरी आहे. पाऊस हवेतील कोरडे कण धुऊन काढतो, हे बरोबर. मात्र पावसानंतर काही तासांतच दुसऱ्या गटाचे बीजाणू हवेत शिरतात. पावसानंतर हमखास बरे वाटणाऱ्या रुग्णात मी आधी परागाचा विचार करतो आणि हमखास बिघडणाऱ्या रुग्णात बुरशीचा. केवळ एवढ्यावरून निदान ठरत नाही, हे खरे, तरी तीन-चार आठवडे एक साधी वही ठेवावी: त्रास किती वाजता सुरू झाला, आदल्या रात्री पाऊस होता का, वारा होता का, आपण घरात होता की बाहेर, पालापाचोळा हलवला होता का. प्रयोगशाळेतील अनेक महाग तपासण्यांपेक्षा अशी वही मला अधिक सांगून जाते, आणि ती घेऊन आलेला रुग्ण पाहिला की मला मनापासून आनंद होतो.

प्रश्न : माझ्या पत्नीची त्वचेवरील चाचणी बुरशीसाठीही केली, ती नकारार्थी आली. म्हणजे बुरशीचा प्रश्न निकालात निघाला, असे समजावे का?

निकालात निघाला, असे मी म्हणणार नाही. हाताच्या त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकेसे टोचण्याच्या या चाचणीत परागकणांचे आणि माइटचे अर्क बरेच भरवशाचे असतात. बुरशीचे अर्क तितके नसतात. एकच बुरशी कोणत्या माध्यमावर, किती दिवस आणि कोणत्या तापमानाला वाढवली, यानुसार तिच्यातील प्रथिनांचे प्रमाण बदलते, आणि त्यामुळे एका उत्पादकाच्या अर्काला प्रतिसाद न देणारी त्वचा दुसऱ्याच्या अर्काला प्रतिसाद देऊ शकते. त्यातही नेहमीच्या संचात चार-पाच बुरशीच असतात. ज्या भूछत्रवर्गीय बुरशींचे बीजाणू पहाटेच्या हवेत सर्वाधिक असतात, त्यांचे अर्क बहुधा संचात नसतातच.

चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर अँटिहिस्टामाइन गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा उत्तर खोटेच नकारार्थी येते. आपल्या पत्नीने त्या बंद केल्या होत्या का, हे आठवून पाहावे. पुढची पायरी म्हणजे रक्तातील विशिष्ट आयजीई मोजणे. काही रुग्णांत त्वचा आणि रक्त यांची उत्तरे जुळत नाहीत, म्हणून संशय बळकट असल्यास दोन्ही करण्याची माझी शिफारस असते. हेही ध्यानात घ्यावे, की चाचणी होकारार्थी आली म्हणजे आजाराचे कारण सापडलेच, असे नव्हे. संवेदनशीलता असूनही कोणताही त्रास नसलेली माणसे पुष्कळ असतात. चाचणी आणि लक्षणांची वेळ या दोन्हींचा मेळ बसला, तरच त्या उत्तराला अर्थ आहे.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. तो वर्षभर आटोक्यात असतो, पण शाळा पुन्हा सुरू होऊन शरद ऋतू लागला, की दोनदा-तीनदा मोठा झटका येतोच. चाचणीत आल्टर्नेरियाची ॲलर्जी निघाली आहे. आम्ही किती काळजी करावी?

आई-बाबा, आपल्याला घाबरवण्याचा हेतू नाही. पण आज आलेल्या सर्व पत्रांत मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटलेले पत्र आपले आहे, म्हणून मी सविस्तर लिहितो.

आल्टर्नेरियाची ॲलर्जी आणि तीव्र दमा यांचा संबंध चांगला सिद्ध झालेला आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याच्या झटक्यात श्वास बंद पडलेल्या ११ किशोरवयीन व तरुण रुग्णांची पाहणी केली होती. त्यांपैकी १० जणांची त्वचाचाचणी आल्टर्नेरियासाठी होकारार्थी होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर दमेकऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. हे झटके उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदाच्या तोंडावर, म्हणजे या बुरशीच्या ऐन हंगामात आले होते. रुग्णसंख्या लहान होती, हे मान्य केले तरी त्यानंतरच्या संशोधनानेही हाच धोका अधोरेखित केला आहे. येथे एक कोडे पडते: आल्टर्नेरियाचा बीजाणू बराच मोठा, बहुधा २० मायक्रोमीटरांहून लांब असतो, आणि एवढा कण नाक-घशातच अडकायला हवा, मग त्याने दमा कसा बळावतो? याचे एक संभाव्य उत्तर असे, की बीजाणूंचे आणि बुरशीच्या तंतूंचे फुटलेले तुकडे हवेत असतात, आणि हे बारीक तुकडे श्वासनलिकांत खोलवर पोहोचतात. गडगडाटी वादळांच्या वेळी दम्याचे रुग्ण एकाएकी वाढतात, त्या घटनांपैकी काहींतही फुटलेल्या बीजाणूंचा वाटा असल्याचे पुरावे आहेत.

शाळेचा योगही निव्वळ योगायोग नाही. उत्तर गोलार्धातील अनेक देशांत सप्टेंबरमध्ये, शाळा उघडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, मुलांच्या दम्याचे प्रमाण झपाट्याने वाढते, आणि त्यामागे मुख्यतः सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस असतात. ज्या मुलाच्या श्वासनलिका ॲलर्जीने आधीच सुजलेल्या असतात, त्याला हा विषाणू इतरांपेक्षा फार जड जातो. आपल्या मुलीच्या बाबतीत बुरशी आणि विषाणू एकाच वेळी येतात, असे मला वाटते.

म्हणून करावयाची गोष्ट ही: शरद लागण्यापूर्वी काही आठवडे तिच्या डॉक्टरांना भेटून सूज कमी करणारे इन्हेलर, म्हणजे श्वासातून घ्यावयाचे स्टेरॉइड, रोज सुरू आहे, योग्य मात्रेत आहे आणि योग्य पद्धतीने घेतले जाते आहे, याची खात्री करून घ्यावी. उन्हाळ्यात मूल बरे असते, म्हणून हे इन्हेलर बंद केले जाते आणि मग हंगाम अंगावर येतो, ही चूक मी फार वेळा पाहतो. तात्पुरता आराम देणारे इन्हेलर स्वतंत्र असते. त्याने श्वासनलिका उघडतात, पण सूज तशीच राहते, आणि ते आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे. झटक्यात काय करावयाचे, याची लेखी सूचना डॉक्टरांकडून घेऊन तिची एक प्रत शाळेत द्यावी. तिला एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्यांमधील त्वचा श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इन्हेलरचा गुण येत नसेल, तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी बागेतील पालापाचोळ्याचे खत करतो. शरदात ढीग उलथापालथा केला, की त्याच रात्री मला थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला येतो आणि छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. हीदेखील ॲलर्जीच का?

ही आतापर्यंत वर्णिलेली ॲलर्जी नाही, असे मला वाटते, आणि आपण ती अंगावर काढू नये. काम केल्यानंतर चार ते आठ तासांनी येणारा ताप, खोकला आणि धाप हे फुप्फुसाच्या एका वेगळ्या प्रतिक्रियेचे लक्षण असू शकते. ओले गवत व कडबा हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत ती प्रथम ओळखली गेली, म्हणून तिला शेतकऱ्याचे फुप्फुस असे नाव पडले. तीत आयजीईचा हात नसतो. उष्ण ढिगात वाढणारे जिवाणू आणि बुरशी श्वासातून फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात व तेथे दाह निर्माण करतात. दरवेळी एका दिवसात बरे वाटते, यावर विसंबू नये, कारण असे वारंवार होत राहिले तर फुप्फुसात कायमचे व्रण पडू शकतात. एकाच वेळी धुळीचा मोठा लोट नाका-तोंडात गेल्यानेही असा ताप येतो, आणि तो तुलनेने निरुपद्रवी असतो, पण दोहोंतील फरक ठरवण्यासाठी फुप्फुसांची तपासणी करावीच लागते. तोवर ढिगाला हात लावू नये.

तापलेल्या ढिगात ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशीही मुबलक वाढते. दमा असलेल्या काही व्यक्तींच्या श्वासनलिकांत ती ठाण मांडते आणि तपकिरी रंगाचे घट्ट कफाचे गोळे पडू लागतात. १९५२ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी या आजाराचे प्रथम वर्णन केले. असे गोळे पडत असल्यास एकूण आयजीई आणि ॲस्परजिलसची विशिष्ट आयजीई तपासून घ्यावी, कारण याचे उपचार वेगळे आणि दीर्घकाळचे आहेत.

प्रश्न : बाहेरची हवा आपल्या हातात नाही. मग स्वतःचा बचाव करायचा तरी कसा? घरातील भिंतीवरच्या काळ्या बुरशीवर ब्लीच मारले तर पुरे का?

बाहेरची हवा हातात नसली, तरी बाहेर काय करायचे, ते पुष्कळसे हातात आहे. वाळलेल्या पानांचा ढीग कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी ओढणे किंवा हवेच्या झोताने ती पाने उडवणारे यंत्र चालवणे म्हणजे बीजाणूंचा लोट आपणच आपल्या चेहऱ्यावर घेणे होय. शक्य असल्यास हे काम ॲलर्जी नसलेल्या माणसावर सोपवावे. ते स्वतःच करणे भाग असेल, तर पानांवर आधी हलके पाणी शिंपडावे, एन-९५ प्रकारचा मुखपट्टा चेहऱ्यावर घट्ट बसवावा आणि काम आटोपताच कपडे बदलून डोक्यावरून स्नान करावे. साध्या कापडी पट्टीचा लहान बीजाणूंपुढे फारसा उपयोग होत नाही.

घरातील बुरशीचे मूळ ओल असते. पाइप गळत असेल, छत झिरपत असेल किंवा बाथरूमची वाफ कोंडत असेल, तर कोणत्याही रसायनाने बुरशी कायमची जात नाही. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली, तर बुरशी बहुधा धरत नाही. आतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, निदान ६० टक्क्यांच्या खाली असावी. ती मोजणारे छोटे उपकरण सहज मिळते. गुळगुळीत फरशीवरील बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढता येते. सच्छिद्र प्लास्टर, लाकूड किंवा गाद्यांत ती आत शिरलेली असते आणि ब्लीचने केवळ वरचा रंग जातो. ॲलर्जीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट अशी, की मेलेल्या बीजाणूतही तीच प्रथिने असतात. म्हणून बुरशी नुसती मारून चालत नाही, ती तेथून काढून टाकावी लागते.

हेपा गाळणी बसवलेले हवाशुद्धीकरण यंत्र ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवते, म्हणजे कोणताही बीजाणू त्यातून सहसा सुटत नाही. मात्र यंत्र खोलीच्या आकाराला पुरेसे असावे, आणि ओल तशीच ठेवून यंत्रावर खर्च करणे मला योग्य वाटत नाही. ओझोन सोडणारी यंत्रे दम्याच्या रुग्णाने घरात आणूच नयेत.

प्रश्न : औषधांचे काय? अनेक वर्षे मी शिंका सुरू झाल्या की एक गोळी घेतो. बुरशीच्या ॲलर्जीवर इंजेक्शने असतात, ती घ्यावीत का?

सेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या खाज आणि शिंका थांबवतात, पण चोंदलेल्या नाकावर त्या फारशा चालत नाहीत. ज्यांचा त्रास आठवडेच्या आठवडे टिकतो, त्यांच्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अधिक परिणामकारक ठरतो. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणून दरवर्षीचा हंगाम ठाऊक असेल, तर तो लागण्याच्या आधीच फवारा सुरू करून रोज घ्यावा. आज मारला, उद्या विसरला, असे करून उपयोग नाही. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने धरावे, म्हणजे नाकातून रक्त येण्याचा त्रास टळतो. याउलट, नाक तत्काळ मोकळे करणारे दुकानात मिळणारे थेंब तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे उत्तम, मात्र ते पाणी उकळून गार केलेले किंवा निर्जंतुकच असले पाहिजे, कारण न उकळलेल्या पाण्यातील एका अमीबामुळे क्वचित, पण जीवघेणा मेंदूचा आजार होतो.

ॲलर्जीची इंजेक्शने, म्हणजे इम्युनोथेरपी, परागकण आणि माइट यांच्यासाठी चांगली सिद्ध झालेली आहे. बुरशींपैकी प्रामुख्याने आल्टर्नेरिया, आणि काही प्रमाणात क्लॅडोस्पोरियम, यांच्याबाबत चांगले अभ्यास झाले आहेत. बाकीच्या बुरशींसाठी पुरावा तुटपुंजा आहे, आणि पाच-सहा बुरशींचे मिश्रण देऊ करणाऱ्या उपचाराबद्दल मी साशंक आहे. बुरशीच्या अर्कांत प्रथिने तोडणारी विकरे असतात, ती परागकणांच्या अर्कांत मिसळल्यास त्यांची शक्ती घटवतात. म्हणून ही दोन इंजेक्शने वेगवेगळ्या कुप्यांतून दिली जातात, हे विचारून घ्यावे. उपचार साधारण तीन वर्षे चालतो, प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते, आणि दमा आटोक्यात नसेल तर तो सुरूच करू नये.

प्रश्न : बुरशीची ॲलर्जी असलेल्याने पेनिसिलिन घेऊ नये आणि अळिंबी खाऊ नये, हे खरे आहे का?

पेनिसिलिनबद्दलचा समज चुकीचा आहे. फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये हे औषध पेनिसिलियम बुरशीत सापडले, हे खरे. परंतु औषध म्हणजे त्या बुरशीपासून वेगळा काढलेला, शुद्ध केलेला एक लहान रेणू आहे आणि बीजाणूंची ॲलर्जी ही बुरशीतील प्रथिनांची असते. एक ॲलर्जी असल्याने दुसरीचा धोका वाढत नाही, आणि गरज असताना या समजुतीपायी योग्य प्रतिजैविक नाकारले जाऊ नये. अळिंबीही बहुसंख्य रुग्णांना निर्धोकपणे खाता येते. ती खाल्ल्यावर ज्यांच्या तोंडाला खाज सुटते किंवा ओठ सुजतात, अशा मोजक्या रुग्णांनी मात्र ती टाळावी आणि तज्ज्ञांना दाखवावे.